प्राथमिक, पण शिक्षक नव्हे

प्रूफच्या कागदावर लाल पेनानं गोल केलेला 'प्राथमिक' हा शब्द आणि शेजारी समासात लिहिलेलं 'शिक्षक?' हे मला अजून जसंच्या तसं दिसतं. ११ जून २०१४, बुधवार. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले असतील. सोलापुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी तेव्हा उपसंपादक होतो आणि देश-विदेशचं पान माझ्याकडे असायचं. मुद्रितशोधक काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "अहो, ही बातमी जिल्हा पानाची ना? प्राथमिक शिक्षक पतसंस्थेची निवडणूक दिसतेय. मग मधेच हा एरिक कोण?"

काकांची चूक नव्हती. आमच्याकडे 'प्राथमिक' आणि 'निवडणूक' हे दोन शब्द शेजारी आले की पुढे पतसंस्थाच येते. पॅनलं असतात, कपबशी आणि विमान अशी चिन्हं असतात, निकालाच्या दिवशी गुलाल असतो. माझा मथळा होता : 'प्राथमिक निवडणुकीत एरिक कॅन्टर पराभूत'. सिंगल कॉलम, जेमतेम दहा ओळी. त्या दिवशी पानात जागाच नव्हती. आदल्या दिवशी इराकमधलं मोसुल पडलं होतं, ती पानाची मुख्य बातमी. ब्रह्मदेव आला असता तरी तिला हलवता आलं नसतं. नव्या लोकसभेत मोदींचं भाषण झालं होतं. बियास नदीत वाहून गेलेल्या हैदराबादच्या विद्यार्थ्यांचा शोध सुरू होता. दुसऱ्या दिवशी ब्राझीलमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू होणार होता, म्हणून क्रीडा पानानं माझा पाव भाग उसना घेतलेला. अशा गर्दीत व्हर्जिनियातल्या एका खासदाराची पक्षांतर्गत हार कोण वाचणार?

मी मात्र ती बातमी फेकू शकत नव्हतो. कारण सकाळी साडेसातला धाकट्याचा फोन आला होता.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. २००६ सालापासून व्हर्जिनियात, रिचमंडच्या पश्चिमेला हेन्रिको काउंटीत राहतो. सॉफ्टवेअरवाला. एरवी रविवारी फोन करणारा माणूस बुधवारी सकाळी, म्हणजे त्याच्या मंगळवारी रात्री दहाला फोन करतो म्हटल्यावर पोटात गोळाच आला.

"दादा, आमचे साहेब पडले."

फोन स्पीकरवर होता. आई शेंगा भाजत होती, तिथूनच ओरडली, "अगं बाई! कुठं पडले? लागलं का फार?"

आईला समजावण्यात दोन मिनिटं गेली. पडलेले साहेब म्हणजे त्याच्या मतदारसंघाचे खासदार, एरिक कॅन्टर. साधे खासदार नव्हेत. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाचं बहुमत होतं आणि कॅन्टर त्या बहुमताचे नेते. सभापती जॉन बेनर यांच्यानंतरचा माणूस, आणि उद्याचे सभापती तेच असं सगळे धरून चाललेले. २००० पासून निवडून येत होते. त्यांना हरवलं कोणी, तर जवळच्या अॅशलँड गावातल्या रँडॉल्फ-मॅकन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या डेव्ह ब्रॅट नावाच्या प्राध्यापकानं. दुसऱ्या पक्षाच्या नव्हे, त्यांच्याच पक्षाच्या.

हे 'त्यांच्याच पक्षाच्या' काकांना समजावताना माझा चहा गार झाला. मी म्हटलं, तिकडं पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं हे लोक मतदान करून ठरवतात. त्या मतदानाला प्रायमरी म्हणतात. व्हर्जिनियात तर त्यासाठी पक्षाचं सदस्यही असावं लागत नाही, मतदारयादीत नाव असलं की झालं.

काका म्हणाले, "म्हणजे एबी फॉर्म लोकं देतात?"

"तसंच समजा."

"मग हायकमांड काय करतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी दुसरा प्रश्न टाकला. "बरं, तिकीट गेलं तर गेलं. अपक्ष भरायचा की फॉर्म." मी सांगितलं की तिथल्या कायद्यानं प्रायमरीत हरलेल्याचं नाव त्याच निवडणुकीच्या मतपत्रिकेवर छापलंच जात नाही. बंडखोरीची सोयच नाही. काकांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना त्या देशात भाकरी मिळत नाही असं सांगितलं. मग त्यांनी 'शिक्षक?' खोडलं आणि मथळा दुरुस्त करून दिला : 'पक्षांतर्गत निवडणुकीत बहुमताचे नेते पराभूत'. माझ्यापेक्षा चांगला होता, तोच छापला.

आकडे मात्र दहा ओळींत बसले नव्हते, ते इथं लिहितो. जवळपास ६५ हजार लोकांनी मतदान केलं. आमच्याकडे एवढी मतं विधानसभेला एक बरा उमेदवार एकटा घेतो. तिकडं मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या वर. त्या ६५ हजारांत ब्रॅट यांना ५५ टक्क्यांच्या थोडी वर मतं मिळाली, फरक सात हजारांच्या आसपास. बहुमताच्या नेत्याचं हे पद १८९९ पासूनचं, आणि त्यावरचा माणूस प्रायमरीत हरण्याची ही पहिलीच वेळ. कॅन्टर यांच्या प्रचारात ५० लाख डॉलरच्या वर खर्च झाला होता. त्यातली नुसती स्टेकहाऊसमधल्या जेवणावळींची बिलं १ लाख ६८ हजार डॉलरची. ब्रॅट यांच्या सबंध प्रचाराचा खर्च साधारण त्याच घरातला. हे वाचल्यावर आमच्या डेस्कवरच्या एका पोरानं विचारलेलं, "स्टेक म्हणजे आपल्या शिक कबाबसारखंच का ओ सर? मग एवढं कसं काय बिल?"

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला आकडा वेगळाच. मतदानाच्या काही दिवस आधी कॅन्टर यांच्याच माणसानं केलेली चाचणी बाहेर आली होती. ६२ विरुद्ध २८. म्हणजे साहेब ३४ टक्क्यांनी पुढं.

हे वाचलं आणि मी मोठ्यानं हसलो. कारण ते वाक्य मला पाठ होतं. आपल्याकडे त्याला टक्के लागत नाहीत, एवढंच. आपल्याकडे गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणतात, "साहेब, वातावरण चांगलंय."

पंचवीसेक दिवसांपूर्वीच, १६ मे रोजी, हेच आमच्या शहरात होऊन गेलं होतं. सुशीलकुमार शिंदे पडले होते. देशाचे गृहमंत्री आणि लोकसभेतले सभागृह नेते. आता हे लिहिताना जाणवतं की दोघांची कामं किती सारखी. एक तिकडच्या सभागृहातल्या बहुमताचा नेता, एक इकडच्या सभागृहाचा. दोघंही महिन्याच्या आत आपापल्या घरच्या मैदानावर पडले. शिंदे म्हणजे सोलापूरकरांसाठी नुसतं नाव नव्हतं. इथल्याच कोर्टात पट्टेवाला, मग फौजदार, मग मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रात मंत्री. ही गोष्ट आमच्या पिढीला शाळेत असल्यापासून मास्तर सांगायचे. ते हरतील असं मला वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं म्हणजे काय, मी डेस्कवर पैज लावली होती. फरक कमी राहील, पण शिंदेच. पैज एक किलो शेंगा चटणीची. दुपारी बाराच्या आत मी ती हरलो. शरद बनसोडे जवळजवळ दीड लाखांनी निवडून आले. २००९ ला याच शिंद्यांकडून हरलेला माणूस.

१७ एप्रिलला इथं मतदान झालं त्या संध्याकाळी आम्ही चार-पाच जण पार्क चौकात चहाला उभे होतो. वार्ताहर, छायाचित्रकार, मी. पूर्व भागातून फिरून आलेला आमचा एक वार्ताहर गप्प होता. यंत्रमागाच्या गल्ल्यांत दिवसभर फिरला होता. मी विचारलं, काय बे, काय दिसतंय? तो म्हणाला, "पोरं बोलेनात सर. नुसतं हसायलालेत." मी ते मनावर घेतलं नाही. पुढचा महिनाभर जो भेटला त्यानं मला 'वातावरण चांगलंय' हेच सांगितलं, कारण मी ज्यांना विचारत होतो ते सगळे साहेबांच्याच गाडीतले. गप्प बसून हसणारी पोरं मी एकदाही विचारात घेतली नाहीत. पान लावणाऱ्या माणसाला बाहेर जायला वेळ नसतो ही सबब मी तेव्हा स्वतःला दिली. आज देत नाही.

आता कोणी म्हणेल, सोलापूर कुठं, रिचमंड कुठं. बरोबर आहे. शिंदे देशभर आलेल्या लाटेत गेले. कॅन्टर यांना लाटबिट काही नव्हती. त्याच दिवशी बाकी ठिकाणचे रिपब्लिकन नेते सुखात होते. रिपब्लिकनांमधल्या कडव्या उजव्या 'टी पार्टी' चळवळीच्या मोठमोठ्या संघटनांनीसुद्धा ब्रॅट यांच्यावर पैसा लावला नव्हता, इतका त्यांना हा घोडा लंगडा वाटत होता. कॅन्टर यांना हरवलं ते त्यांच्यापेक्षा उजवीकडच्या लोकांनी. मुद्दा स्थलांतरितांचा. २०१३ च्या जूनमध्ये सिनेटनं, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहानं, स्थलांतराच्या सुधारणेचं मोठं विधेयक ६८ विरुद्ध ३२ नं मंजूर करून पाठवलेलं. प्रतिनिधिगृहात ते पडून होतं. कॅन्टर यांनी लहानपणी आईबापांबरोबर बेकायदा आलेल्या मुलांसाठी काहीतरी करू, एवढंच म्हटलेलं. तेवढं पुरलं. रेडिओवरच्या लॉरा इंग्रॅहॅम बाईंनी रिचमंडच्या उपनगरात येऊन ब्रॅट यांच्यासाठी सभा घेतली. कॅन्टर यांच्या लोकांनी ब्रॅट यांना 'उदारमतवादी प्राध्यापक' ठरवणाऱ्या जाहिराती टीव्हीवर इतक्या चालवल्या की ज्यांना ब्रॅट हे नाव माहीत नव्हतं त्यांनाही झालं. फुकटात प्रचार. हे तर आमच्या नगरसेवकाच्या निवडणुकीतला पोरगाही करणार नाही. विरोधकाचं नाव घ्यायचं नाही, हा इथला पहिला धडा.

आणि मतदानाच्या दिवशी सकाळी साहेब होते कुठं? वॉशिंग्टनमध्ये, एका कॉफीच्या दुकानात, निधी गोळा करण्याच्या बैठकीत. मतदारसंघ दीडशे-दोनशे किलोमीटर दूर. धाकटा म्हणाला होता, "दादा, आठ वर्षांत मी या माणसाला एकदाही बघितलं नाही. टीव्हीवर रोज." हे त्याच्या ऑफिसातले गोरे लोकही म्हणत होते म्हणे.

आता धाकट्याला एवढं काय पडलं होतं? त्याला तर मतही नव्हतं. सांगतो. तो तेव्हा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याची तारीख सप्टेंबर २०१२ ची. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांच्या वर वाटा नाही, असा तिथला नियम. देश चीन-भारताएवढा असो की आपल्या मोहोळ तालुक्याएवढा. त्यामुळं आपल्या लोकांची रांग मारुतीच्या शेपटासारखी. सिनेटच्या त्या विधेयकात नोकरीच्या वर्गातली ही देशवार मर्यादा काढून टाकायची तरतूद होती. बाकीचं जग त्या विधेयकाकडं मेक्सिकोच्या सीमेसाठी बघत होतं. आमच्या घरी ते धाकट्यासाठी होतं. त्याची बायको शिकलेली, पण तिच्या व्हिसावर तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. दिवसभर घरात. एकदा ती आईला फोनवर म्हणाली होती, "सासूबाई, मी इथं भांड्याला कल्हई करायला शिकले असते तरी कोणी करू दिली नसती." आई हसली होती. नंतर बराच वेळ बोलली नाही.

त्या मंगळवारच्या रात्री धाकट्याला लगेच कळलं होतं. "संपलं दादा. आता कोणी हात लावणार नाही." मला ते अति वाटलं. एका माणसाच्या हारीनं एवढं मोठं विधेयक कसं मरेल? कॅन्टर काही त्या विधेयकाच्या बाजूचे नव्हतेच, उलट आपणच ते अडवलं असं ते पत्रकांतून सांगत होते. पण ३० जूनला ओबामांनी जाहीर केलं की प्रतिनिधिगृह यंदा यावर मतदान घेणार नाही, असं बेनर यांनी आपल्याला कळवलंय. वीस दिवस लागले. जे उरले होते त्यांनी कॅन्टर यांचं काय झालं ते बघितलं होतं. पिठल्यानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकतो म्हणतात ना, तसं. (मूळ म्हणीत दूध आहे, पण आमच्या घरात पिठलंच.)

कॅन्टर यांनी फार ताणलं नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी नेतेपद सोडायचं जाहीर केलं, जुलैअखेर सोडलं, ऑगस्टमध्ये खासदारकीचाही राजीनामा दिला. सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक बँकेत मोठ्या पदावर रुजू. काकांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखं साखर कारखान्यावर नाही बसले." नेतेपदावर कॅन्टर यांच्या जागी केव्हिन मॅकार्थी आले.

आणि ब्रॅट? विजयाच्या दुसऱ्या सकाळी टीव्हीवर त्यांना किमान वेतनाबद्दल विचारलं, तर अर्थशास्त्राच्या या प्राध्यापकाला धड उत्तर देता आलं नाही. त्यांना वाटलेलं, आज फक्त अभिनंदन असेल. गंमत म्हणजे नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभे होते जॅक ट्रॅमेल, तेही त्याच कॉलेजातले प्राध्यापक. स्टाफरूममध्ये चहा कसा होत असेल, हा प्रश्न मला तेव्हा फार सतावायचा. ब्रॅट जिंकले, कडव्या गटात जाऊन बसले. २०१७ साली जाहीरपणे तक्रार केली की मी जाईन तिथं बायका मला आरोग्यविम्यावरून घेरतात. त्या बायकांनी ते लक्षात ठेवलं. २०१८ ला अॅबिगेल स्पॅनबर्गर या डेमोक्रॅटिक उमेदवारानं, सीआयएत काम केलेल्या बाईनं, त्यांना सात हजारांच्या आतल्या फरकानं हरवलं. चार वर्षांपूर्वी ब्रॅट यांनी कॅन्टरना जेवढ्यानं पाडलं होतं, साधारण तेवढ्याच मतांनी. ब्रॅट परत कॉलेजात गेले, यावेळी दुसऱ्या विद्यापीठात, डीन म्हणून.

आमच्याकडं बनसोडे यांना २०१९ ला तिकीटच मिळालं नाही. त्यासाठी कुठलीही प्रायमरी लागली नाही. पक्षानं जयसिद्धेश्वर स्वामींना उभं केलं, शिंदे पुन्हा हरले. २०२४ ला प्रणिती शिंदे निवडून आल्या. दिग्गजाला पाडणाऱ्याची इमारत दोन्हीकडं फार टिकली नाही. पाडणं ही एक कला आणि राहणं ही दुसरी, असं काका म्हणाले असते, पण काका २०२० मध्ये गेले.

धाकट्याच्या बायकोला २०१५ मध्ये काम करायची परवानगी मिळाली. ती कायद्यातून नव्हे, ओबामांच्या सरकारनं नियम बदलला त्यातून. ग्रीन कार्ड आलं २०२२ साली. सप्टेंबर २०१२ ची तारीख, मधे दहा वर्षं. मत द्यायला नागरिकत्व लागतं, त्याला आणखी पाच. तो अजून बिनमताचाच. पण पुतणी तिथंच २००७ साली जन्मलेली, म्हणजे जन्मानंच नागरिक. २०२५ च्या नोव्हेंबरात तिनं आयुष्यातलं पहिलं मत दिलं, तेही गव्हर्नरच्या निवडणुकीत. निवडून आल्या त्याच स्पॅनबर्गर. धाकट्यानं फोटो पाठवला. पोरगी मतदान केंद्राबाहेर उभी, जाकिटावर गोल स्टिकर. आईनं फोटो मोठा करून विचारलं, "बोटाला शाई कुठंय हिच्या?" शाई लावत नाहीत म्हटल्यावर आईचा त्या निवडणुकीवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

मी आता वर्तमानपत्रात नाही. करोनात डेस्क कमी केला, त्यात मी गेलो. नवी पेठेत मित्राच्या दुकानात फ्लेक्सची डिझाइनं करतो. क्वार्कवर पान लावणाऱ्या हाताला फ्लेक्स काही अवघड नाही, फक्त माणसांचे चेहरे मोठे आणि मजकूर छोटा. महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम होतं. मतदानाच्या आदल्या रात्री एका उमेदवाराचा कार्यकर्ता आला. 'प्रचंड मतांनी विजयी झाल्याबद्दल' असा बारा बाय आठचा फ्लेक्स करून ठेवा म्हणाला, निकाल लागला की लगेच चढवायचा. पैसे नंतर.

"पैसे नंतर का?" मी विचारलं.

"सर, वातावरण लई चांगलंय."

मी पैसे आधी घेतले. पूर्ण.